एका चेटकिणीच्या बदल्यात

गोष्ट अगदी किरकोळ आहे. १७८९ साली स्कॉटलंडच्या दक्षिणेला, निथ नदीकाठच्या फ्रायर्स कार्स नावाच्या वाड्यात, जेवणाखाणाच्या बैठकीत एका शेतकऱ्याने एका जाडजूड पाहुण्याला एक काम सांगितलं. पाहुणा म्हणजे कॅप्टन फ्रान्सिस ग्रोस. जुन्या किल्ल्यांची, मठांची, पडक्या चर्चांची चित्रं काढत हा गृहस्थ गावोगाव हिंडे आणि ती पुस्तकातून छापी. शेतकरी म्हणजे शेजारच्या एलिसलँडचा कुळवाडी आणि कवी रॉबर्ट बर्न्स. तुम्ही एअर शहराकडे जाल तेव्हा जवळच्या अॅलोवे गावच्या चर्चचंही एक चित्र काढा, तिथे माझे वडील पुरलेत, एवढंच त्याचं मागणं होतं. वर थोडं आमिषही लावलं, की त्या जागेच्या भुताखेतांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. कॅप्टन कबूल झाला, पण अट घालून. चित्राबरोबर छापायला चेटकिणीची एक गोष्ट लिहून द्यायची. हा व्यवहार बर्न्सच्या धाकट्या भावाने, गिल्बर्टने, पुढे एका पत्रात नोंदवून ठेवला म्हणून आपल्याला कळला.

बापाच्या कबरीच्या बदल्यात चेटकीण. त्या अटीतून 'टॅम ओ'शँटर' ही कविता आली, आणि कवितेमुळे एक छप्पर उडालेलं चर्च आणि एक कुबडा पूल जगाच्या नकाशावर गेला. 'कवीला प्रेरणा देणारी स्थळं' असं आपण सहज म्हणून जातो. अॅलोवेच्या बाबतीत तो शब्द मला नेहमी थोडा खोटा वाटतो. इथे एकाला चित्र हवं होतं, दुसऱ्याला मजकूर, आणि दोघांनी घासाघीस करून सौदा ठरवला. खटकत राहतं ते वेगळंच. मुलाने मोबदल्यात जे लिहून दिलं, ते बापाला आवडलं असतं का?

आधी त्या चर्चबद्दल. चर्च म्हटल्यावर डोळ्यांसमोर मनोरे आले असतील तर ते पुसून टाकावे लागतात. एका बऱ्यापैकी घराएवढी ही इमारत. चार दगडी भिंती, दोन टोकांना त्रिकोणी माथे, पूर्वेच्या माथ्यावर छोटी घंटा, तिच्याखाली मधोमध दगडी दांडा असलेली अरुंद खिडकी. सोळाव्या शतकातलं बांधकाम. १६९० मध्ये अॅलोवेचा परगणा एअरमध्ये सामावला गेला आणि चर्चची रया गेली. बर्न्सच्या जन्माच्या सुमारास तिथे उपासनाही होत नव्हती. ग्रोससारख्याला मुद्दाम वाट वाकडी करून यावंसं वाटेल असं त्यात काही नव्हतं, आणि बर्न्सला ते पक्कं ठाऊक होतं. भुतांचं आमिष लावावं लागलं ते त्यामुळेच.

पण विल्यम बर्न्ससाठी ती जागा आपली होती. हा माणूस ईशान्य स्कॉटलंडमधून पोटासाठी खाली आलेला माळी. अॅलोवेत साडेसात एकर जमीन घेऊन त्याने फळा-भाज्यांची बाग करायचं ठरवलं आणि १७५७ मध्ये स्वतःच्या हातांनी मातीच्या भिंतींचं, गवताने शाकारलेलं घर उभं केलं. एकाच लांब छपराखाली स्वयंपाकघर, आतली खोली आणि पुढे गोठा. स्वयंपाकघरातच भिंतीत कपाटासारखा बसवलेला पलंग. २५ जानेवारी १७५९ ला रॉबर्ट त्याच पलंगावर जन्मला, आणि काही दिवसांतच वादळाने घराचा त्रिकोणी माथा कोसळला. बाळंतिणीला रातोरात शेजारच्या घरी हलवावं लागलं. (नवं मातीकाम भरीव दगडी धुराड्याला नीट बांधलं गेलं नाही आणि दोन्ही वेगवेगळ्या गतीने बसले, की वाऱ्याच्या एका झोतात सांधा सुटतो. माळी गवंडी झाला की असं होतं.) याच विल्यमने पाहिलं, की चर्चच्या आवाराची भिंत पडली आहे आणि कबरींवर गुरं चरताहेत. मग दोन-तीन शेजाऱ्यांना घेऊन त्याने एअरच्या नगर परिषदेकडे अर्ज केला, वर्गणी काढली, भिंत पुन्हा घालून घेतली. तेव्हापासून तो आवाराला आपली शेवटची जागा समजू लागला. पुढे कुटुंब शेतामागून शेतं बदलत गेलं, प्रत्येक शेत आधीच्याहून ओलं आणि आंबट जमिनीचं. कर्जाच्या आणि खटल्याच्या कचाट्यात १३ फेब्रुवारी १७८४ ला लॉखली इथे विल्यम गेला. तिथून त्याची शवपेटी दोन घोड्यांच्या मध्ये टांगून अॅलोवेला आणली.

बापलेकाचं फार काही गोडीचं नव्हतं. रॉबर्टने १७८७ मध्ये डॉक्टर मूर यांना लिहिलेल्या आत्मवृत्तासारख्या लांब पत्रात एक प्रसंग आहे. गावंढळपणा जावा म्हणून तो नाचाच्या शिकवणीला जाऊ लागला. विल्यमला असल्या मेळाव्यांची चीड होती. मुलगा न ऐकता गेला, आणि त्या बंडखोरीपासून बापाच्या मनात आपल्याविषयी एक प्रकारची नावड बसली, असं मुलाला वाटत राहिलं. गिल्बर्टने पुढे ते नाकारलं, पण रॉबर्टच्या मनात ते होतं एवढं खरं.

नाच. हा शब्द लक्षात ठेवायचा.

ग्रोसला बर्न्सने आधी गद्यात तीन गोष्टी पाठवल्या. पहिलीत एक शेतकरी वादळी रात्री चर्चमध्ये शिरतो. छताला टांगलेल्या कढईत बाप्तिस्मा न झालेल्या पोरांची मुंडकी आणि फाशी गेलेल्यांचे अवयव शिजत असतात. तो कढई काढतो, आतला ऐवज ओततो, कढई टोपीसारखी डोक्यावर पालथी घालतो आणि पुरावा म्हणून घरी नेतो. तिसरीत एक गुराखी पोर पऱ्यांच्या मागे गवताच्या दांड्यावर बसून थेट फ्रान्सला, बोर्दोच्या एका व्यापाऱ्याच्या दारूच्या तळघरात पोचतं. मधली गोष्ट बाजारहून घरी परतणाऱ्या शेतकऱ्याची. तो खिडकीतून चेटकिणींचा नाच बघतो, आखूड शेमीज घातलेल्या एकीची उडी बघून भान विसरतो आणि ओरडून दाद देतो. बर्न्सने तीच उचलली. पहिली जास्त विनोदी होती, तिसरी जास्त अद्भुत. मधलीत मात्र दोन गोष्टी होत्या ज्या बाकीच्यांत नव्हत्या: एक रस्ता आणि एक नाच.

रस्ता अगदी खराखुरा आहे. कवितेतला शेतकरी टॅम एअरच्या बाजारातून रात्री निघतो आणि दक्षिणेला डून नदीकडे येतो. कविता वाटेवरच्या खुणा एकेक करून सांगते. ओढ्याचा उतार, जिथे बर्फात एक फेरीवाला गुदमरून मेला. मोठा धोंडा, जिथे दारुड्या चार्लीने मान मोडून घेतली. काटेरी झुडपांतला दगडांचा ढीग, जिथे शिकाऱ्यांना मारून टाकलेलं मूल सापडलं. विहिरीवरचं काटेझाड, जिथे मंगोच्या आईने गळफास घेतला. तो ओढा म्हणजे आजचा स्लॅपहाउसचा ओढा, आणि त्या काळचा रस्ता आताच्या डांबरी रस्त्याच्या पश्चिमेने जायचा, म्हणून आजच्या रस्त्यावरून चालताना या खुणा सापडत नाहीत आणि लोक हिरमुसतात. त्यातल्या बऱ्याचशा जागांवर आता बंगल्यांची वस्ती आहे. गंमत अशी, की या यादीत बर्न्सने आपलं जन्मघर घेतलेलं नाही. घर तिथून हाकेच्या अंतरावर, पण टॅम त्याकडे ढुंकूनही बघत नाही. आपल्याकडेही रात्रीची वाट अशीच सांगतात: पिंपळ, आड, बुडालेल्या सुनेचं डोहाचं वळण. घरांची नावं घेत वाट सांगायची ती दिवसा.

या यादीतल्या भीतीचा उगमही ठाऊक आहे. आईची एक नातलग बाई, बेटी डेव्हिडसन, लहानपणी घरात राहायला असे. भुतं, हडळी, पऱ्या, मेलेल्यांच्या मशाली यांच्या गोष्टींचा एवढा साठा अख्ख्या मुलखात दुसऱ्या कुणाकडे नसेल, असं बर्न्स लिहितो. मोठेपणीही रात्री चालताना अशा जागांवर आपली नजर आपोआप सावध होते, अशी कबुलीही तो देतो. टॅमही पार शुद्धीत नसला तरी टोपी घट्ट धरतो, एखादं गाणं गुणगुणतो आणि मागे वळून बघत राहतो.

कविता चर्चशी पोचते आणि पडक्या भिंतींतून उजेड फुटतो. इथे बर्न्सचा हात किती नेमका चालतो ते जवळून बघण्यासारखं आहे. पूर्वेच्या खिडकीच्या कट्ट्यावर सैतान केसाळ कुत्र्याच्या रूपात बसून बॅगपाइप वाजवतोय, इतका की छपराचे वासे थरथरताहेत. आजूबाजूला उघड्या शवपेट्या कपाटांसारख्या उभ्या आहेत आणि प्रत्येक मढ्याच्या थंड हातात एक दिवा. मध्ये पवित्र मेज. त्यावर फासाच्या साखळीतली खुन्याची हाडं, वीतभर लांबीची दोन बाप्तिस्मा न झालेली पोरं, पाच गंजलेल्या कुऱ्हाडी, पाच वाकड्या तलवारी, एका बाळाचा गळा आवळलेला पट्टा. आणि एक सुरा, ज्याने पोटच्या पोराने बापाचा गळा चिरला, आणि ज्याच्या मुठीला अजून पांढरे केस चिकटलेत.

त्या खिडकीपासून विल्यमची कबर काही पावलांवर आहे.

हे वाचून दर वेळी थबकायला होतं. एवढ्या लांबलचक यादीत तो सुरा नसता तरी चाललं असतं. वडिलांची जागा पुस्तकात यावी म्हणून लिहायला बसलेल्या माणसाने त्याच जागी बापाला मारणारं हत्यार मांडलं, आणि पांढऱ्या केसांचा तपशील घालून त्यावर नजर खिळवली. यात गुन्ह्याची जाणीव शोधावी की निव्वळ चेटकिणींच्या सामानाची रीत, हे ठरवायचा मोह मी आवरते. पण यानंतर लगेच नाच सुरू होतो. ज्या नाचासाठी बापाने तोंड फिरवलं, तोच बापाच्या उशाशी, सैतानाच्या साथीने. आणि कवीची सारी मजा, सारा ठेका, सारी उब त्या नाचाकडे आहे. चेटकिणी म्हाताऱ्या, सुरकुतलेल्या, घामाने निथळणाऱ्या, पण मध्ये एक तरणीताठी नॅनी. तिच्या अंगावर लहानपणी शिवलेलं पेज्लीच्या जाड्याभरड्या कापडाचं शेमीज, आता फारच आखूड झालेलं. तिच्या आजीने ते दोन स्कॉट्स पौंडांत घेतलं, आणि तीच तिची सारी पुंजी. बारा स्कॉट्स पौंडांचा एक इंग्लिश पौंड, म्हणजे साडेतीन शिलिंगांहूनही कमी. नातीचं कापड पुढे कशासाठी वापरलं जाणार हे त्या आजीला कुठलं माहीत, असं म्हणून कवी क्षणभर हळहळतो आणि पुन्हा नाच बघायला लागतो. टॅमचंही तसंच होतं. तो ओरडतो, 'शाब्बास, आखूड शेमीजवाली!' आणि दिवे विझतात.

इथून पुढे पूल. चर्चपासून नदी पाच-सात मिनिटांच्या चालीवर, घोड्याला श्वास घ्यायलाही वेळ नाही इतकी जवळ. डूनचा जुना पूल एका कमानीचा, पंधराव्या शतकातला, सुमारे ७२ फूट लांब आणि २६ फूट उंच उडी घेणारा. कमान अशी कुबडी असली की तिची चावी, म्हणजे मधला शेवटचा दगड, पुलाचा सर्वांत उंच बिंदूही असतो आणि नदीच्या बरोबर मध्यावरही येतो. बर्न्सने हे बांधकाम गोष्टीत चपखल वापरलं. वाहत्या पाण्याचा मध्य चेटकिणीला ओलांडता येत नाही, हा लोकसमज. आपल्याकडे भूत गावच्या शिवेशी थांबतं, तसं इथे पाण्याच्या मध्याशी. म्हणजे टॅमच्या घोडीला, मेगला, चावीच्या दगडापर्यंतच पोचायचंय. पण तिथवर चढ आहे, घोडी चढावर मंदावणार, आणि मागची नॅनी हलकी. सपाट पूल असता तर या पाठलागात दम नसता. मेग शेवटची झेप घेते, मालक सुटतो, करडं शेपूट चेटकिणीच्या मुठीत राहतं. पावसात तो चढ आजही निसरडा असतो. घोटीव गोटे, आणि खाली मानेने चालणारे पर्यटक.

या ठिकाणी लोकांची सर्वांत मोठी चूक म्हणजे उलट्या दिशेने फिरणं. बर्न्सचं मोठं स्मारक पुलापाशी आहे, म्हणून गाड्या आधी तिथेच थांबतात. मग पूल, मग चर्च, आणि शेवटी अर्ध्या मैलावरचं मातीचं घर. म्हणजे शेपूट आधी तुटतं आणि बाजार नंतर भरतो. कवी कीट्सचंही हेच झालं. ११ जुलै १८१८ ला तो दक्षिणेकडून आला. आधी पुलावर उभा राहिला, चावीच्या दगडावर चिमूटभर तपकीर ओढली, मग चर्च पाहिलं, आणि सरतेशेवटी जन्मघरात पोचला तेव्हा तिथे दारूचा गुत्ता चालू होता. ओसाड माळरान असेल अशी कल्पना करून आलेला कीट्स नदीकाठची हिरवाई बघून खूश होता, पण घराच्या रखवालदाराने, ज्याने बर्न्सला पाहिल्याचा धोशा लावला होता, त्याचं डोकं उठवलं. तिथेच व्हिस्की घेऊन त्याने एक सुनीत लिहिलं आणि नंतर त्या माणसाच्या बडबडीनेच ते सपाट झालं असं मित्राला कळवलं. ते घर १७८१ मध्ये एअरच्या चांभारांच्या संघाने विल्यमकडून विकत घेतलं होतं आणि स्मारकाच्या विश्वस्तांच्या हाती ते आलं थेट १८८१ मध्ये, ४,००० पौंडांना. शतकभर बर्न्सच्या पाळण्याशेजारी ग्लास भरले जात होते. बर्न्सची या गोष्टीला फारशी हरकत नसती.

घराला आणखी एकदा संकट आलं. जुलै १९१४ मध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या दोन स्त्रिया स्फोटकं घेऊन तिथे आल्या. पहारेकऱ्याने हटकलं, एक निसटली, एक पकडली गेली. पकडलेली फ्रान्सिस पार्कर ही लॉर्ड किचनेरची भाची. हिंदुस्थानात सरसेनापती असताना लॉर्ड कर्झनला राजीनामा द्यायला लावणारा तोच हा किचनेर.

ग्रोसचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मिलिशियात, म्हणजे राखीव नागरी फौजेत, असताना तो तुकडीचा खजिनदार होता आणि त्याच्या हिशेबाच्या वह्या दोनच होत्या: उजवा खिसा आणि डावा खिसा. एकात पैसे घ्यायचे, दुसऱ्यातून द्यायचे. ओरखडलेल्या, रांगड्या, शिवराळ इंग्रजी शब्दांचा कोशही त्याने केला होता. अशा माणसाशी बर्न्सचं जमलं यात नवल नाही. तुमच्यात एक गडी टिपणं काढत फिरतोय, सावध रहा, तो छापणार आहे, असं त्याने ग्रोसबद्दल थट्टेने लिहिलंही. १ डिसेंबर १७९० ला कविता ग्रोसकडे गेली. एप्रिल १७९१ मध्ये त्याच्या स्कॉटलंडवरच्या पुस्तकाचा दुसरा भाग निघाला, त्यात अॅलोवेच्या चर्चचं चित्र आणि चार ओळींचं वर्णन. कविता कुठे? तळटीपेत. दोन स्तंभांत, बारीक अक्षरांत. २२४ ओळींची ही कविता आधी मार्चमध्ये एडिनबरोच्या नियतकालिकांत येऊन गेली होती, तरी ज्या पुस्तकासाठी ती लिहिली त्यात तिचं स्थान तळाला. ग्रोसने आभार मानताना तिला 'सुंदरशी गोष्ट' म्हटलं. महिन्याभरात तो डब्लिनला वारला.

मेजावरच्या यादीत सुरुवातीला आणखी दोन वस्तू होत्या: तीन वकिलांच्या उलट्या शिवलेल्या, खोट्याने भरलेल्या जिभा आणि तीन पाद्र्यांची सडकी काळजं. एडिनबरोच्या अलेक्झांडर फ्रेझर टायटलर या विद्वानाने कवितेचं तोंडभर कौतुक करून त्या चार ओळी काढायला सांगितल्या आणि बर्न्सने १७९३ च्या आवृत्तीत काढल्या. सुरा मात्र राहिला.

कविता गाजली आणि चर्चवर धाड पडली. वाशांच्या लाकडाला भाव आला. त्यातून तपकिरीच्या डब्या झाल्या, खुर्च्या झाल्या. ज्या वाशांना सैतानाच्या पाइपने थरथरवलं त्याचा तुकडा कुणाला नको? विल्यमच्या कबरीचा पहिला दगडही असाच टवके काढत लोकांनी नेला. आजचा दगड नंतरचा आहे, पाठीमागे बर्न्सने वडिलांवर लिहिलेल्या ओळी, ज्यांत त्याने शेवटी गोल्डस्मिथची एक ओळ उसनी घेतली: त्यांचे दोषसुद्धा सद्गुणाच्या बाजूला झुकलेले. बापाबद्दल सरळ बोलायची वेळ आली तेव्हा हा माणूस दुसऱ्याचे शब्द घेतो. चेटकिणींसाठी स्वतःचे होते.

पुलावरही वेळ येऊन गेली. १८१६ मध्ये जवळच नवा पूल झाला आणि जुन्याचे दगड फुकट जाऊ नयेत असा विचार झाला. तो वाचला तो कवितेच्या पुण्याईने. एअर शहरातल्या जुन्या पुलाचं नशीब त्याहून मजेशीर. बर्न्सने १७८६ मध्ये जुन्या आणि नव्या पुलाचं भांडण कवितेत रचलं. त्यात जुना पूल नव्याला ऐकवतो, की तू दगडांचा ढिगारा होशील तेव्हाही मी पूलच असेन. १८७७ च्या पुरानंतर नवा पूल पाडून पुन्हा बांधावा लागला. जुना अजून उभा आहे, माणसं त्यावरून बाजाराला जातात.

खडकवासल्याला एनडीएच्या संचलनाच्या शेवटी छात्र संथ पावलं टाकत निघतात तेव्हा वाजणारी 'ऑल्ड लँग साइन' याच माणसाच्या शब्दांमुळे जगभर गेली. पण ती ऐकून कुणाला अॅलोवे आठवत नाही. अॅलोवेला जायचं तर २५ जानेवारीच्या आसपासच जावं, असं माझं मत. दिवस तेव्हा लहान असतो, साडेचारच्या सुमारास सूर्य जातो, घरापासून निघून टॅमच्या दिशेने चाललं की चर्चशी पोचेपर्यंत उजेड मऊ होतो. पूर्वेच्या खिडकीला काच नाही. आत डोकावायला लोक थोडे वाकतात आणि मग नकळत एक पाऊल मागे येतात.

स्वतः बर्न्सला इथे जागा मिळाली नाही. २१ जुलै १७९६ ला तो डम्फ्रीजला गेला आणि तिथेच पुरला गेला. पुढे त्याला तिथल्याच एका घुमटाखाली हलवलं. अॅलोवेच्या आवारात फाटकातून शिरलं की विल्यमचा दगड लगेच समोर येतो. बहुतेक लोक त्याला वळसा घालून खिडकीकडे जातात.